परसातली भाजी : लागण आणि पाणी

सभासद बंधू-भगिनींनो,

लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही शेतकी विभागाची माणसे वर्षभर आपल्या शिवारात फिरत असतो. दुपार झाली की कोणीतरी सभासद "साहेब, जेवूनच जा जी" म्हणून थांबवून घेतो. अशी अनेक ताटे पाहून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गेलो तर ताटात मेथी असते, वांगे असते. पाचव्या दिवशी गेलो तर आलू असतो, नाहीतर बेसन. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर, शेतात आठ एकर ऊस, आणि घरची भाजी मात्र बाजारातून पिशवीत येते!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शिका काढली, तीत मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच माणसांच्या घराला दोन किलो झाली. आपल्याकडे आठवड्याचे मागचे चार दिवस यातले किती पोटात जाते, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. नुसत्या परसबागेने रक्तक्षय जातो असे मी म्हणत नाही. गोळ्या लागतील तर त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्याव्यातच. पण घरामागे पालक, चवळाई, मुंगना असेल आणि त्यावर लिंबू पिळले जात असेल, तर अंगी लागायला नक्की मदत होते.

म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून घरच्या भाजीविषयी लिहितो आहे.

माझीच चूक आधी सांगतो

नोकरीच्या सुरुवातीला कारखान्याच्या वसाहतीत मला घर मिळाले. मागे मोकळी जागा होती. शेतीची पदविका हातात, उसाचा अनुभव गाठीशी. मी झोकात सऱ्या पाडल्या, वांगी आणि टमाटर लावले आणि रोज संध्याकाळी नळाला रबरी नळी लावून सऱ्या तुडुंब भरू लागलो. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली. मला वाटले खत कमी पडले, म्हणून युरिया टाकला. दुपारी झाडे माना टाकत, म्हणून आणखी पाणी सोडले. महिनाभरात सगळे संपले.

शेजारी एका कामगाराची म्हातारी आई राहत असे. तिने खुरप्याने बुडाशी उकरले, मूठभर माती माझ्या नाकाशी धरली. सडका वास येत होता. म्हणाली, "साहेब, हे तहानेनं नाही मेलं जी. हे बुडून मेलं."

उसाचे शास्त्र शिकवणारा मी, आणि वापसा म्हणजे काय ते त्या बाईकडून शिकलो. आजवर अनेक सभासदांच्या घरी मी हीच चूक पाहिली आहे. ऊस करणाऱ्याचा हात पाण्याला सढळ असतो. परसबाग बिघडते ती बहुधा इथेच.

काळी जमीन आणि वापसा

आपल्या भागातली भारी काळी जमीन पाणी प्यायली की फुगते. तिच्यातल्या बारीक पोकळ्या बंद होतात, हवा बाहेर जाते आणि मुळे गुदमरतात. गुदमरलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून ओल भरपूर असूनही झाड माना टाकते आणि आपण तहान समजून पुन्हा पाणी देतो. हीच जमीन वाळली की भेगाळते आणि भेगांबरोबर कोवळी मुळे तुटतात. म्हणजे फार ओलेही नको, फार कोरडेही नको. भाजीला पाणी नको, वापसा हवा, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

उसाची मुळे खोल जातात, म्हणून एकदा भरपूर पाणी दिले की त्याचे आठ-पंधरा दिवस भागते. भाजीची खाणारी मुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात. पालेभाजीची तर त्याहून वर. तिला थोडे पण वेळच्या वेळी हवे.

पाणी द्यायचे की नाही, हे ओळखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत.

१) वाफ्यात चार बोटे खोल उकरून मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. चिकट गोळा झाला व हाताला चिखल लागला, तर पाणी नको. गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटला, तर वापसा आहे, आज थांबावे. गोळा होतच नाही, माती भुरभुर सुटते, तर पाणी द्यावे.

२) झाड दुपारी सुकलेले दिसले म्हणून पाण्याकडे धावू नये. आपल्या नागपूरकडच्या उन्हात काकडी-दोडक्याची पाने दुपारी लवतातच. पहाटे पाहावे. पहाटेही मान खाली असेल आणि माती कोरडी असेल, तरच ती तहान.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १० फूट लांब व ४ फूट रुंद वाफा साधारण ३.७ चौरस मीटरचा होतो. उसाला सरीतून एका पाळीत ८ सेंटिमीटर पाणी देतो असे धरले, तर त्या हिशेबाने या एका वाफ्यात जवळजवळ ३०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या वीस बादल्या जातील!

भाजीचा हिशेब वेगळा आहे. थंडीत दिवसाला ४ मिलिमीटर धरले तर वाफ्याला १५ लिटर, म्हणजे एक बादली. एप्रिल-मे मध्ये ८ मिलिमीटर धरले तर दोन बादल्या. रोपे लहान असताना याच्या निम्मे पुरते. भारी जमिनीत थंडीचे पाणी एक दिवसाआड दिले तरी चालते. बादलीचा आकडा हा अंदाज आहे, अखेरचा निर्णय मुठीतली माती देईल.

पाणी सकाळी, बुडाशी आणि हळू द्यावे. बादली एकदम उपडी केली की बी वाहून जाते आणि वर पापडी धरते. पाने संध्याकाळी भिजवू नयेत, त्याने रोगाला वाव मिळतो.

जागा आणि वाफे

दिवसातून सहा तास ऊन पडेल अशी, घराजवळची जागा घ्यावी. लांबच्या बागेकडे लक्ष जात नाही. दोन ओळींत तीन-तीन असे सहा वाफे आणि मध्ये दीड फुटाच्या वाटा ठेवल्या, तर सुमारे २२ फूट × १५ फूट जागा लागते. गुंठ्याचा तिसरा हिस्सा सुद्धा नाही. वाफा चार फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आत पाय द्यायचा नाही, कारण ओली काळी माती तुडवली की दगड होते.

दर वाफ्यात तीन-चार टोपली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कारखान्याचे प्रेसमड वापरायचे तर पूर्ण कुजलेलेच घ्यावे. ताजे प्रेसमड तापते व मुळे जाळते.

वाफ्याची उंची ऋतूप्रमाणे बदलावी. पावसाळ्यात वाफा वाटेपेक्षा वीतभर उंच हवा, म्हणजे जादा पाणी निघून जाईल. उन्हाळ्यात उलट, वाफा वाटेपेक्षा चार बोटे खोल आणि कडेला बांध, म्हणजे दिलेले पाणी जागीच राहील. पावसाळी उंच वाफ्यावर उन्हाळी पीक घेणाऱ्याचे निम्मे पाणी वाटेत जाते.

काय, केव्हा लावावे

जून-जुलै : भेंडी, गवार, चवळी, दोडके, कारली, काकडी, अंबाडी. वांगी-मिरचीची रोपे गादीवाफ्यावर टाकावीत. मिरचीत आपल्या जिल्ह्याची भिवापुरी विसरू नये.

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर : मेथी, पालक, सांभार, मुळा, गाजर, टमाटर, कोबी, वाल. आपल्याकडे भाजीचा खरा हंगाम हाच.

जानेवारी-फेब्रुवारी : लवकी, काकडी, भेंडी, चवळाई.

बी जितके जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. मेथी-चवळाईचे बी खोल गेले की वर येत नाही. सांभाराचे धणे रगडून दोन फाका करून पेरावेत. दोडक्या-कारल्याचे बी रात्रभर भिजवावे. वांगी दोन-दोन फुटांवर, टमाटर दोन फूट × दीड फूट, भेंडी एक-एक फुटावर लावावी. रोपांची लागण संध्याकाळी करून लगेच बेताचे पाणी द्यावे.

सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये, ही घरातल्या बाईमाणसांची नेहमीची तक्रार आहे. एकदम पेरली की मेथी एकदम येते. चार दिवस खाऊन कंटाळा, मग महिनाभर काही नाही. मेथी २५-३० दिवसांत काढायला येते. म्हणून वाफ्याचे चार भाग करून दर आठ दिवसांनी एक भाग पेरावा. एक भाग रिकामा होतो तोवर दुसरा तयार असतो.

या सहा वाफ्यांतून रोजची दोन किलो भाजी निघणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण हंगामात पालेभाजी विकत आणावी लागणार नाही, आणि आलू-बेसनाचे ते चार दिवस हिरवे होतील.

सांडपाणी आणि उन्हाळा

पाच माणसांच्या घरातून अंघोळीचे व भांड्यांचे मिळून रोज दीडशे-दोनशे लिटर पाणी बाहेर पडते, म्हणजे दहा ते तेरा बादल्या. बहुतेक घरी ते रस्त्यावर डबके करते आणि डास पोसते. गोटे-वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून काढून हे पाणी केळी, पपई, मुंगना, वांगी आणि वेलांच्या बुडाशी द्यावे. पालेभाजी, मुळा, गाजर, सांभार यांना मात्र स्वच्छ पाणीच द्यावे. सोडा किंवा पावडरीत धुतलेल्या कपड्यांचे पाणी बागेत रोज सोडू नये, त्यातल्या क्षाराने काळी जमीन हळूहळू चोपण होते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पेंचच्या कालव्यावरची मौदा-रामटेककडची गावे असोत की नुसत्या विहिरीवरची, पाण्याची ओढ सगळीकडे लागते. त्या दिवसांत हट्ट करू नये. सहाचे दोन वाफे करावेत. मांडवावर वेल चढवून त्याच्या सावलीत चवळाई घ्यावी.

उन्हाळ्यासाठी जुना मातीचा माठ फार कामाचा आहे. रंग न दिलेला, झिरपणारा माठ गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरून झाकण ठेवावे आणि भोवती लवकी किंवा काकडीचे चार वेल लावावेत. माती कोरडी झाली की पाणी झिरपते, ओली असली की थांबते. वापसा आपोआप राहतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही ही पद्धत सांगितली आहे.

आणि आपल्या हक्काची वस्तू म्हणजे पाचट. ऊस तुटून गेला की जे आपण पेटवून देतो, तेच वाफ्यावर तीन-चार बोटे जाड पसरले तर माती थंड राहते, भेगा पडत नाहीत, पाणी कमी लागते. फक्त खोडापासून चार बोटे दूर ठेवावे आणि वाळवी येत नाही ना, हे मधून मधून उचलून पाहावे.

ऊसवाल्यांनी पाळायची खबरदारी

उसातल्या तणावर टू-फोर-डी फवारलेला पंप भाजीवर कधीही वापरू नये. टमाटर, वांगी, काकडी, शेंगवर्गी भाज्या या औषधाला फार नाजूक असतात. पंप धुतला तरी राहिलेल्या अंशाने पाने अरुंद होऊन वळतात आणि झाड बसते. भाजीसाठी पंप वेगळाच ठेवावा. बाग उसाला लागून असेल तर वारा बागेकडे असताना उसात तणनाशक मारू नये. औषधाचे रिकामे डबे पाणी घालायला घेऊ नयेत. घराच्या कोपऱ्यात फोरेटची जुनी पुडी पडलेली असेल तर ती भाजीत तर नाहीच, कुठेच वापरू नये. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे.

शेवटी

परसबाग म्हटली की ती घरच्या लक्ष्मीच्या गळ्यात पडते. तिच्या डोक्यावर आधीच पाणी, सैपाक, गुरे. म्हणून माझी सभासद बंधूंना विनंती आहे : वाफे तुम्ही खणा, सकाळच्या बादल्या तुम्ही घाला, काय पेरायचे ते तिला ठरवू द्या. जिथे असे झाले तिथे बाग टिकलेली मी पाहिली आहे. जिथे सगळे बाईवर टाकले, तिथे पहिल्या ऊसतोडीच्या धांदलीत ती सुकली.

यंदा सहा नको, दोनच वाफे करा. एकात मेथी-पालक, दुसऱ्यात वांगी-मिरची. पाणी घालण्याआधी मूठभर माती दाबून पाहा. काही अडले तर गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला सांगा, नाहीतर मला बोलवा. उसाची नोंद घ्यायला येऊ तेव्हा वाफाही पाहू, आणि जेवायला थांबू!

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग