खाचेतला आवाज आणि परवडणारा फोनो प्रीअँप

रेकॉर्डच्या खाचेत कोरलेला आवाज स्टुडिओतील आवाजाची जशीच्या तशी नक्कल नसतो, हे घरी टर्नटेबल आणणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते आणि पुढच्या खरेदीतले घोटाळे बहुधा तिथूनच सुरू होतात. खालच्या पट्टीतले नाद पूर्ण जोराने कोरले, तर खाच इतकी नागमोडी होते की ती शेजारच्या खाचेत शिरू लागते आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावत नाही. उलट वरच्या पट्टीतले बारीक नाद आहेत तसे कोरले, तर ते तबकडीच्या खरखरीत बुडून जातात. त्यामुळे तबकडी कापतानाच खालचे नाद दाबले जातात आणि वरचे उचलले जातात. हे किती करायचे याचे प्रमाण १९५४ मध्ये रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेने ठरवून दिले, त्यालाच आरआयएए वक्र म्हणतात. वाजवताना नेमकी उलटी दुरुस्ती करावी लागते आणि २० हर्ट्झ व २० हजार हर्ट्झ या दोन टोकांमधील तिचा फरक जवळजवळ नव्वद पटींचा असतो. ही दुरुस्ती करणे आणि त्याबरोबर सुईकडून आलेला क्षीण विद्युत संदेश अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल इतका मोठा करणे, या दोन कामांसाठी असलेली लहानशी पेटी म्हणजे फोनो प्रीअँप.

संदेश किती क्षीण असतो, ते कार्ट्रिजवर अवलंबून असते. घरगुती टर्नटेबलवर बहुधा मूव्हिंग मॅग्नेट जातीचे कार्ट्रिज असते. त्यात सुईच्या दांडीला जोडलेले इवलेसे चुंबक स्थिर वेटोळ्यांजवळ हलते आणि साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा दाब निर्माण होतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या लोकप्रिय कार्ट्रिजचा आकडा ४, तर ऑर्टोफॉनच्या टूएम रेडचा ५.५ मिलिव्होल्ट आहे. प्रीअँप हा दाब सुमारे शंभर पट, म्हणजे ४० डेसिबेल वाढवतो. तरीही हाती येतो तो अर्ध्या व्होल्टच्या आसपासचा संदेश, आणि सीडी प्लेयर मात्र दोन व्होल्ट देतो; त्यामुळे रेकॉर्ड ऐकताना आवाजाचे बटण जास्त फिरवावे लागते, यात बिघाड काहीच नसतो.

खरेदीला निघण्याआधी आपल्याला ही पेटी हवी आहे का, हे पाहणे अगत्याचे आहे. अनेक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर 'फोनो' असे लिहिलेली सॉकेटची जोडी आढळते, तिथे हे काम आतच होते. आजच्या कित्येक स्वस्त टर्नटेबलांतही प्रीअँप बसवलेला असतो आणि मागच्या कळीने तो चालू-बंद करता येतो. तो चालू ठेवून बाहेरचा दुसरा जोडला, तर दुरुस्ती दोनदा होऊन आवाज घुमतो आणि फाटतो. तिसरा प्रकार घरच्या माळ्यावरून निघालेल्या एचएमव्हीच्या फिएस्टा किंवा कॅलिप्सो यांसारख्या जुन्या यंत्रांचा. त्या काळच्या अशा यंत्रांत सहसा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असे. त्याचा दाब शेकडो मिलिव्होल्टचा आणि दुरुस्ती त्याच्या स्वभावातच बरीचशी होऊन जाणारी, म्हणून तिथे फोनो प्रीअँप जोडणे चुकीचे ठरते.

निवडीचा खरा प्रश्न उभा राहतो तो घराच्या संदर्भात. पनवेलला लागून सिडकोने वसवलेल्या करंजाडेसारख्या वसाहतीत टर्नटेबल बहुधा दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या कपाटावर येऊन बसते आणि त्याच कपाटात सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर आणि चार-पाच अडॅप्टर यांची गर्दी असते. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि आरआयएए दुरुस्तीत नेमका ५० हर्ट्झचा नाद १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सात पट उचलला जातो. म्हणजे घराच्या वायरिंगमधून जी भुणभुण संदेशात शिरेल, तिला प्रीअँप इमानाने मोठी करणार. कंपनीच्या माहितीपत्रकातले विकृतीचे दशांश-शतांश टक्के तपासत बसण्यापेक्षा ही भुणभुण कुठून येते हे शोधणे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे आहे. शोधण्याची रीत सोपी आहे. सुई उचललेली ठेवून, आवाज नेहमीच्या पातळीवर आणून आधी एकटा अ‍ॅम्प्लिफायर ऐकावा. मग प्रीअँप जोडावा, पण टर्नटेबल नको. शेवटी टर्नटेबल जोडून त्याची बारीक अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट आवळावी. ज्या पायरीला भुणभुण वाढते, तिथे दोष असतो. पुष्कळदा तो प्रीअँपमध्ये नसतोच: टीव्ही त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असतो आणि केबलची किंवा डिशची तार बाहेरून स्वतःची अर्थिंग घेऊन येते, त्यामुळे अर्थिंगचे दोन मार्ग जुळून एक कडे तयार होते. ती तार काढताच घर शांत होते. म्हणून ज्या पेटीला अर्थिंगचा स्क्रू नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, आणि घेतलेली पेटी अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्स्फॉर्मरपासून हातभर दूर ठेवावी.

कोकणपट्टीच्या दमट हवेचा विचार मात्र प्रीअँपच्या चर्चेत क्वचितच होतो आणि तो व्हायला हवा. पावसाळ्यात कागदी वेष्टनातल्या रेकॉर्डवर बुरशीचे ठिपके धरतात. धुतल्यावरही त्यांचे डाग खाचेत उरतात आणि सुई त्यांवरून गेली की 'टक्' असा क्षणभराचा तडाखा बसतो. हा तडाखा गाण्याच्या पातळीपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. नऊ व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर चालणारी पेटी साधारण अडीच व्होल्टपर्यंतच संदेश बाहेर काढू शकते. शंभर पटींच्या वाढीचा हिशेब केला, तर आत २५ मिलिव्होल्ट आले की तिची मर्यादा संपते. अधिक-उणे १५ व्होल्टच्या दुहेरी पुरवठ्यावर चालणारी पेटी सुमारे ९० मिलिव्होल्ट सहज पचवते. मर्यादा ओलांडली की काही परिपथ सावरायला वेळ घेतात, त्यामुळे एरवी पटकन विरून जाणारा तडाखा लांबतो आणि भीमसेन जोशींच्या संथ आलापात तो फारच बोचतो. नव्या, स्वच्छ रेकॉर्ड वाजवणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. चोरबाजारातून किंवा वडिलांच्या कपाटातून आलेल्या तबकड्या ऐकणाऱ्याने मात्र ओव्हरलोडची ही मर्यादा, म्हणजेच हेडरूम, माहितीपत्रकात सर्वांत आधी पाहावी.

दुसरी बाब विद्युतधारकतेची. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ हजार ओहमचा भार लागतो आणि ही अट जवळपास प्रत्येक प्रीअँप पाळतो. पण तारेची आणि प्रीअँपच्या आतली मिळून किती पिकोफॅरड धारकता होते, याकडे दुर्लक्ष होते. व्हीएम९५ईच्या वेटोळ्याचे प्रवर्तन ५५० मिलिहेन्री आहे. त्याला २०० पिकोफॅरड जोडले तर अनुनाद १५ हजार हर्ट्झच्या आसपास येतो, ४०० जोडले तर तो पावणेअकरा हजारांपर्यंत उतरतो. मग झांजा, तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचे 'स' बोचरे होतात आणि ऐकणारा दोष रेकॉर्डला देतो. निर्मात्याने या कार्ट्रिजसाठी १०० ते २०० पिकोफॅरड सुचवले आहेत आणि टर्नटेबलच्या तारेतच शंभरेक संपतात, तेव्हा प्रीअँपची धारकता कमी असणे किंवा ती बदलण्याची सोय असणे हा खरा गुण आहे.

या कसोट्यांवर बाजारातली नावे पाहता चित्र बरेच स्पष्ट होते. बेहरिंगरचा पीपी४०० हा खिशात मावणारा प्रीअँप पहिली पायरी म्हणून पुरतो. एआरटीच्या डीजे प्री टू या पेटीत वाढ कमी-जास्त करण्याचे बटण, १०० व २०० पिकोफॅरडची कळ आणि वाकड्या तबकडीमुळे येणारे अतिखालचे नाद कापणारा फिल्टर असे सगळे एकत्र मिळते, म्हणून जुन्या रेकॉर्डच्या घरासाठी तिची शिफारस निःसंकोच करावी. प्रो-जेक्टचा फोनो बॉक्स ई साधा आणि बिनबटणांचा आहे. शिटचा मानी आणि आयफायचा झेन फोनो अधिक सोयींचे असून पुढे कार्ट्रिज बदलण्याचा विचार असलेल्यांसाठी आहेत. मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या जातीच्या कार्ट्रिजचा दाब मूव्हिंग मॅग्नेटच्या दहाव्या हिश्शाइतका असतो, वाढ हजार पट लागते आणि भुणभुणही त्या प्रमाणात वाढते. परवडणाऱ्या मांडणीत त्या वाटेला न जाणे बरे. चमकणाऱ्या व्हॉल्व्हच्या स्वस्त पेट्यांबद्दलही तेच. व्हॉल्व्हला मोकळेपणी काम करायला उच्च दाबाचा स्वच्छ पुरवठा लागतो, आणि तो देण्याइतका पैसा त्या किमतीत उरत नाही.

एक शाखा वेगळी ठेवावी लागते, ती लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचा तारुण्यातला आवाज महाराष्ट्राला याच तबकड्यांनी राखून दिला आहे. त्या आरआयएएच्या आधीच्या, त्यामुळे आजच्या प्रीअँपवर त्या वाजवल्या तर खालचा भाग फुगतो आणि वरचा मंदावतो; शिवाय त्यांची खाच रुंद असल्याने एलपीची १८ मायक्रॉनची सुई तळाशी घसरत राहते आणि ७५ मायक्रॉनच्या आसपासची वेगळी सुई घ्यावी लागते. प्रत्येक कंपनीचा वक्र देणारे प्रीअँप महाग आहेत. त्यांऐवजी रेगाच्या फोनो मिनी ए-टू-डीसारखा, यूएसबीने संगणकाला जोडता येणारा प्रीअँप घेऊन तबकडी संगणकात उतरवावी आणि वक्राची दुरुस्ती तिथे करावी, हा मार्ग स्वस्त आहे आणि मूळ तबकडीची झीजही वाचवतो. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि तिचे काम दीर्घकाळ सांभाळणाऱ्या डॉ. सुरेश चांदवणकर यांनी या तबकड्यांची माहिती गोळा करण्याचे जे काम केले, त्यामुळे हातातली तबकडी कोणत्या कंपनीची आणि कोणत्या काळातली हे ठरवणे पुष्कळ सोपे झाले आहे.

पनवेलहून लोकलने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर चांगला रेग्युलेटेड अडॅप्टर आणि कमी धारकतेची आखूड आरसीए तार घ्यावी, कारण पेटीसोबत आलेला हलका अडॅप्टर अनेकदा स्वतःच बारीक शीळ घालतो. प्रीअँपवर वाचलेले पैसे नव्या सुईवर खर्चावेत. सुई झिजलेली असेल, तर वरच्या सगळ्या हिशेबाचा उपयोग होत नाही आणि रेकॉर्ड मात्र कायमची खराब होते.