वाकलेल्या पाठीसाठी विणलेलं

भाताची लावणी करणाऱ्या बाईला छत्रीचा काडीचाही उपयोग नसतो. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्या हाताची बोटं चिखलात. छत्री धरायला तिसरा हात आणायचा कुठून? आणि पाऊस पडतो तो डोक्यापेक्षा पाठीवर जास्त. कोकणात, ठाणे-पालघरच्या पाड्यांवर आणि घाटमाथ्याच्या भातखाचरांत या अडचणीवर पिढ्यान्‌पिढ्या एक उत्तर चालत आलं. ते म्हणजे इरलं, बांबू आणि पानांचं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं आच्छादन. गडी माणसं घोंगडीची खोळ करून पाऊस अंगावर घेत, बायका इरल्याखाली लावणी करत.

गवता-पानांच्या टोप्यांचे शौकीन जगभर आहेत. जुन्या स्ट्रॉ हॅट शोधून काढायच्या, वाफेवर मऊ करायच्या आणि लाकडी साच्यावर बसवून पुन्हा घाटात आणायच्या, असा छंद लोक आयुष्यभर जपतात. पनामा हॅट या नावाने ओळखली जाणारी टोपी मुळात इक्वेडोरची. तिच्या विणकामाला युनेस्कोने २०१२ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. याचा मला आनंदच आहे. पण त्याच कुळातली आपल्या घरची ही वस्तू त्या टोप्यांच्या शेजारी मानाने ठेवावी अशी आहे, हे कुणी ठासून सांगत नाही, म्हणून हा लेख.

इरल्याला साचा नसतो. साधारण तीन-साडेतीन फुटांचं, डोक्याशी खोलगट आणि खाली कमरेपर्यंत पसरत गेलेलं हे उपडं पन्हाळं थेट हातावरच आकार घेतं. काम सुरू होतं बांबूपासून. कोवळा बांबू चालत नाही, वाळला की तो आकसतो. भर पावसाळ्यात बांबू तोडत नाहीत, तोड थंडीत. दक्षिण कोकणात माणगा जातीचा बांबू हाताशी असतो, इतरत्र जो मिळेल तो. कोयत्याने कांब चिरायची, आतला मऊ गर काढून टाकायचा आणि पाठीकडच्या चिवट भागाच्या पातळ पट्ट्या सोलायच्या. पट्टी बोटाभोवती वळवली तरी तुटता कामा नये.

मग जाळी. पट्ट्या तीन दिशांनी एकमेकींत गुंतवत नेल्या की सहा कोनांची घरं पडतात. या विणीत पट्ट्या एकमेकींना अडकवून धरतात, त्यामुळे कमी बांबूत घट्ट सांगाडा उभा राहतो. असे दोन सांगाडे करायचे, एक आतला आणि एक बाहेरचा. त्यांच्या मध्ये पानं: कुठे पळसाची, कुठे सागाची. पळसाचं पान चामड्यासारखं चिवट, पत्रावळीला चालणारं तेच. सागाचं पान एवढं मोठं, की थोडक्या पानांत काम भागतं. पानं कौलांसारखी एकमेकांवर चढवत लावायची, खालच्या दोन पानांची फट वरच्या पानाखाली बुडाली पाहिजे. शेवटी दोन्ही सांगाडे कडेने बांधून टाकायचे.

यातलं खरं कौशल्य मला दिसतं ते मधल्या कण्यात. उभ्या माणसाच्या पाठीवरचं पाणी खाली ओघळतं, पण लावणीत वाकलेल्या बाईची कंबर डोक्याच्या बरोबरीने किंवा वरही असते. इरलं सपाट असतं तर सगळं पाणी मानेवर आलं असतं. मधला भाग उंच आणि दोन्ही बाजू उतरत्या ठेवल्याने ते डाव्या-उजव्या अंगाला पडतं. पाठ आणि पानं यांच्यात पोकळी राहते, वारा खेळतो, अंगाला घामाची चिकचिक होत नाही. दोन्ही हात मोकळे. काम करणाऱ्या माणसाचं वाकणं ध्यानात घेऊन घडवलेली इतकी चोख वस्तू मला दुसरी आठवत नाही.

मेघालयात खासी लोकांचं क्नुप याच घडणीचं आहे. मौसिनराम-चेरापुंजीच्या मुसळधार पावसात ते पाठीवर घेऊन माणसं शेतात उतरतात. आपल्याकडे आंबोलीत वर्षाला ७ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. असा पाऊस, हाताशी बांबू आणि वाकून करायचं काम, हे तिन्ही जुळून आलं तिथे माणसांना सारखीच वाट सुचली.

इरली विणणारे हात कुणाचे? बुरूड, ठाकर, कातकरी, आणि गावोगावचे जाणते शेतकरी. उत्तरेला सरकत सुरत, तापी, डांगच्या पट्ट्यात गेलं, की बांबूकाम कोटवाळिया समाजाकडे. सुपं, टोपल्या विणण्यावर त्यांचं पोट. या कारागिरांना जंगलखात्याच्या नियमांनी फार छळलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला आणि २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला. मोकळीक मिळाली, पण तोवर इरल्याचं गिऱ्हाईक प्लॅस्टिककडे गेलं होतं.

प्लॅस्टिकला नावं ठेवणं सोपं आहे. खांद्यावरून घेतलेला कागद स्वस्त, हलका, घडी करून पिशवीत मावणारा. इरलं भिजलं की जड होतं आणि एसटीतून नेता येत नाही. दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणाऱ्या बाईने प्लॅस्टिक निवडलं तर तिला दोष कोण देणार? पण तो कागद वाऱ्याने फडफडतो, भिजलेल्या लुगड्याला चिकटतो आणि फाटला की बांधावर पडून राहतो.

इरल्याचा संग्रह करणंही सोपं नाही. पगडी काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं टिकते, इथे पानं ठिसूळ होतात, कुरतडली जातात, आणि मग उरतो रिकामा सांगाडा. वापरातलं इरलं मात्र पावसाळा सरला की चुलीच्या वर, धुरात टांगलं जाई, म्हणजे किडीची भीती कमी. पानं गेली तर पुढच्या वर्षी नवी भरायची, बांबू तोच. म्हणून संग्रहालयांनी वस्तूबरोबर विणणाऱ्यालाही बोलवावं, दर वर्षी पानं बदलून घ्यावीत, त्याची मजुरी द्यावी आणि पट्टी सोलण्यापासून कड बांधेपर्यंतचं काम चित्रित करून ठेवावं. आणि ज्यांची स्वतःची भातखाचरं आहेत त्यांनी वैशाखातच इरलं विणायला सांगून ठेवावं. मृग लागल्यावर विणणारा स्वतःच्या शेतात असतो.