घरीं शिकणाऱ्याच्या पाठीशीं कोण?

शिक्षण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम इमारत उभी राहते. मोठें दालन, ओळीनें मांडलेलीं बांकें, तासाची घंटा आणि फळ्याजवळ उभे असलेले गुरुजी. ज्या विद्यार्थ्याच्या वांट्याला यांपैकीं फारसें कांहींच येत नाहीं, त्याच्याविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें. किनवटकडील एखाद्या खेड्यांत शेती सांभाळणारा तरुण, देगलूरच्या दुकानांत हिशेब लिहिणारा कारकून, लग्नामुळें शिक्षण सुटलेली उदगीरची गृहिणी, अशीं कितीतरी माणसें पदवीचा अभ्यास घरीं बसून करतात. प्रवेशाच्या वेळीं त्यांना पुस्तकें मिळतात. वर्षाअखेर परीक्षाहि देतां येते. परंतु या दोहोंच्या मधल्या काळांत त्यांच्या पाठीशीं कोण असतें, हा खरा प्रश्न आहे.

घरबसल्या शिक्षणाची कल्पना नवी नाहीं. आयझॅक पिटमन यानें १८४० सालीं इंग्लंडांत टपालानें लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांस खुल्या केल्या. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघालें. आणि १ जुलै १९८९ रोजीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. या विद्यापीठानें गांवोगांवच्या महाविद्यालयांतच आपलीं अभ्यासकेंद्रें ठेविलीं, मराठींतून स्वयंअध्ययनाचीं पुस्तकें तयार केलीं, आणि नांदेडास आपलें विभागीय केंद्र उघडलें.

मराठवाड्याला या सोयीचें मोल अधिक आहे. निजामी राजवटींत येथील मुलाला पदवीसाठीं हैदराबादेस जावें लागे, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. १९४८ सालीं संस्थान मुक्त झालें. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें. आणि नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ मिळण्यास १७ सप्टेंबर १९९४ हा दिवस उजाडावा लागला. तोंवर ज्यांचें शिकण्याचें वय उलटून गेलें, त्यांना शिक्षणानें स्वतः शोधीत जाणें हेंच न्याय्य होय.

परंतु पुस्तक घरीं पोंचलें म्हणजे शिक्षण पोंचलें, असें नव्हे. मायकेल मूर नांवाच्या शिक्षणतज्ज्ञानें या बाबतींत एक मार्मिक विचार मांडला आहे. दूरशिक्षणांतील अंतर हें कोसांनीं मोजावयाचें नसून गुरु आणि शिष्य यांच्यांतील समजुतीचें तें अंतर होय. परस्पर संवाद वाढला कीं तें कमी होतें. नांदेड शहरांत राहणारा विद्यार्थीहि, ज्याच्या शंकेला कोणी उत्तर देत नाहीं, तो अत्यंत दूरच असतो. उलट माहूरच्या विद्यार्थ्याच्या पत्राला वेळेवर उत्तर गेलें, तर तो जवळचा ठरतो.

म्हणून साहाय्याची योजना आंखतांना विद्यार्थ्याचा सारा प्रवास तीन टप्प्यांत पाहावा. पहिला टप्पा प्रवेशापूर्वींचा. कोणता विषय घ्यावा, आठवड्याला किती तास निघतील, जुनें शिक्षण कोठें तुटलें आहे, हें विचारणारा जाणता सल्लागार येथें हवा. चुकीचा विषय घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यास पुढें कितीहि मदत दिली तरी ती अपुरी पडते.

दुसरा टप्पा पहिल्या कांहीं आठवड्यांचा, आणि तोच सर्वांत नाजूक. वर्गांतला मुलगा मागें पडला तर शिक्षकाच्या ध्यानांत येतें. घरीं शिकणारा मात्र मुकाट्यानें गळतो. त्याची जागा रिकामी दिसत नाहीं, कारण त्याला जागाच नसते. यास्तव पहिला स्वाध्याय लहान असावा, तो तपासून लवकर परत यावा, आणि ज्याचा स्वाध्याय आलाच नाहीं त्याची केंद्रानें आपण होऊन चौकशी करावी. ज्याला सर्वांत अधिक अडचण असते, तोच बहुधा विचारावयास येत नाहीं. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठांतील डेव्हिड स्यूअर्ट यांनीं १९७८ सालीं हेंच तत्त्व सांगितलें होतें: विद्यार्थ्याविषयींची आस्था अखंड असली पाहिजे. दर वेळीं नवा माणूस न भेटतां एकच समंत्रक त्याला ओळखीत असावा.

तिसरा टप्पा परीक्षेचा. परीक्षेचें ठिकाण, गाडीची वेळ, स्त्रियांच्या मुक्कामाची सोय, या गोष्टी अभ्यासक्रमाच्या बाहेरच्या वाटतात. परंतु एक गाडी चुकली तर वर्ष वायां जातें.

यांत एक मोठा विवेक राखावा लागतो. वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीनें नव्हे, तर विद्यार्थ्याच्या ऋतुमानानें आंखावें. मृगाच्या पेरणींत आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या काढणींत लातूर-नांदेडकडील शेतकरी संपर्कसत्राला कसा येणार? रविवार नोकरदाराला सोयीचा. पण घरीं पाहुणे आलेल्या गृहिणीला तोच सर्वांत अवघड. निरनिराळ्या विद्यार्थ्यांना अगोदर विचारून सत्रांचे दिवस ठरवावे, हें सांगावयास सोपें असलें तरी करावयास हवें.

या कामीं गांवाचेंहि साहाय्य घेतां येतें. १९६७ च्या कायद्यामुळें महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचें जाळें विणलें गेलें. अशा ग्रंथालयांत चार विद्यार्थ्यांना आठवड्यांतून एक संध्याकाळ बसावयास मिळाली, तर तेंच त्यांचें महाविद्यालय. एकानें दुसऱ्याला समजावून सांगणें हीहि एक परीक्षाच असते.

आतां कोणी म्हणेल, एवढा खर्च कोठून आणावयाचा? येथेंच खरी मेख आहे. पुस्तक एकदां लिहिलें कीं शंभरांना द्या कीं हजारांना द्या, लेखनाचा खर्च तोच राहतो. समंत्रकाचा वेळ मात्र प्रत्येक विद्यार्थ्यामागें वाढतो. म्हणून काटकसर करावयाची म्हटली कीं पहिली कात्री साहाय्यावरच पडते. परंतु मग राहतें तें केवळ पुस्तकविक्री आणि परीक्षा. इमारतींवर जो पैसा वांचला, तो माणसांवर खर्च करणें हाच या शिक्षणपद्धतीचा प्रामाणिक हिशेब होय. हल्लीं दूरध्वनि आणि दृक्श्राव्य व्याख्यानें हातांतल्या यंत्रांत मिळतात. तीं उपयुक्त आहेतच. पण व्याख्यान ऐकून जी शंका उठली, तिला उत्तर देणारा माणूस अखेर लागतोच.

आपल्या ओळखींत असा एखादा विद्यार्थी असेल. त्याच्या घरांतल्यांनीं रोज एक तास त्याच्याकडे कामें न सांगतां तो सोडला, आणि शेजारच्या शिकलेल्या माणसानें महिन्यांतून एकदां अभ्यास कोठवर आला हें विचारलें, तर विद्यापीठाच्या योजनेंतील एक उणीव आपण भरून काढूं. ज्या घरांत पहिली पदवी अशी मेहनतीनें येते, त्या घरांतल्या पुढच्या मुलांना पदवीचें अंतर पूर्वीइतकें लांब वाटत नाहीं.