फुलपाखरांच्या खाद्य वनस्पती

ज्या वनस्पतींवर फुलपाखराची मादी अंडी घालते आणि ज्यांची पाने खाऊन अळी वाढते, त्यांना त्या फुलपाखराच्या खाद्य वनस्पती म्हणतात. प्रौढ फुलपाखरू नाना फुलांतील मध घेते. अळी मात्र बहुधा ठरावीक वनस्पतींवरच जगते. त्यामुळे केवळ फुलझाडांच्या बागेत फुलपाखरे येतात, पण त्यांची वीण होत नाही.

नाशिक परिसरातील वनस्पती

रुईवर प्लेन टायगर, टाकळ्यावर मॉटल्ड इमिग्रंट, तर बांडगुळावर कॉमन जेझेबेल वाढते. निरुपयोगी समजून नेमक्या याच वनस्पती उपटल्या वा छाटल्या जातात. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ब्लू मॉरमॉनची (राणी पाकोळी) अळी लिंबाच्या कुळातील वनस्पतींवर पोसते. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे गर्दी करतात. परंतु मूळची परदेशी असलेली ही वनस्पती डोंगरउतारांवर पसरून देशी झुडपांची जागा व्यापते.

अळ्यांचा शोध

पावसाळ्यात व त्यानंतर कुरतडलेली पाने आणि त्यांखाली पडलेल्या विष्ठेच्या बारीक गोळ्या यांवरून अळीचा माग लागतो. कढीपत्त्यावरील लाइम फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. डिवचल्यास ती डोक्यामागून उग्र वासाचा दुभंगलेला अवयव बाहेर काढते.

लागवड

कढीपत्ता कुंडीतही वाढतो. लिंबू, बेल व बहावा यांना अंगण लागते. कीटकनाशकाने अळ्याही मरतात, म्हणून अशा झाडांवर फवारणी टाळतात. खाल्लेल्या फांद्यांना सहसा पुन्हा पालवी फुटते.