नवा कॉम्प्युटर, पण नेट नाही! दोष नेमका कुठे शोधायचा?

बारावीचा निकाल लागला, की अनेक घरांत पहिला कॉम्प्युटर येतो. इस्लामपूर तर शिक्षणाचे गाव. राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने वाळवा तालुक्यातील कित्येक घरांत ही खरेदी जून-जुलैतच होते. मात्र खोक्यातून काढलेला नवा कोरा कॉम्प्युटर सुरू होतो आणि पडद्यावर ‘नो इंटरनेट’ अशी पाटी येते. इकडे सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रवेशाचे पर्याय भरायची किंवा ‘महाडीबीटी’वर शिष्यवृत्तीचा अर्ज करायची मुदत संपत आलेली असते. दुकानदार म्हणतो, लाइन खराब आहे. लाइनवाला म्हणतो, कॉम्प्युटर बघा. या टोलवाटोलवीत दोन-तीन दिवस सहज जातात. प्रत्यक्षात दोष कोणाकडे आहे, हे घरबसल्या दहा-पंधरा मिनिटांत ओळखता येते.

सुरुवात कुठून करायची?

शेतात पाणी आले नाही, तर शेतकरी लगेच मोटार खोलत नाही. आधी शेजारच्या रानात पाणी पोहोचले का, ते पाहतो. इथेही तोच नियम. इंटरनेट तीन टप्प्यांनी कॉम्प्युटरपर्यंत येते : बाहेरून घरात येणारी लाइन, घरातला राउटर आणि स्वतः कॉम्प्युटर. यातला कोणता टप्पा तुटला आहे, ते आधी ठरवावे.

त्यासाठी हातातला स्मार्टफोन पुरेसा आहे. फोनचा मोबाइल डेटा बंद करावा, घरच्या वायफायला जोडावा आणि एखादी बातमी उघडून पाहावी. मोबाइल डेटा बंद करणे महत्त्वाचे. तो चालू राहिला, तर वायफाय बंद असूनही बातमी उघडते आणि फसगत होते. वायफायवर बातमी उघडली, तर लाइन व राउटर ठीक आहेत. दोष कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. उघडली नाही, तर नव्या कॉम्प्युटरला हात लावण्याची गरज नाही; दोष त्याच्या अलीकडे आहे.

फोनवरही नेट नसेल तर?

मग राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या जोडणीत राउटरवर साधारणपणे ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. ‘पॉन’ स्थिर हिरवा असेल, तर कंपनीकडून येणारा प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचतो आहे. ‘एलओएस’ लाल होऊन लुकलुकत असेल, तर तो पोहोचत नाही. अशा वेळी फायबर कुठे तुटली आहे किंवा घरातच खिळ्याला, दाराच्या फटीत अथवा कपाटामागे दुमडली आहे. फायबरमध्ये काचेची केसाएवढी तार असते. ती काटकोनात वाकवली की प्रकाश पुढे जात नाही. नवे टेबल मांडताना ती दाबली गेली का, हे जरूर पाहावे. मात्र फायबरचे टोक काढून त्यात डोकावून पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

घरातील फायबर ठीक असूनही लाल दिवा कायम राहिला, तर तक्रार कंपनीकडे करायची. वळवाचा पाऊस, वाऱ्याने पडलेली फांदी, रस्त्याकडेची खोदाई अशा कारणांनी बाहेरची लाइन तुटते. त्यावर घरात उपाय नाही.

दिवे ठीक असतील, तर राउटरचे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावे. पण ‘रीस्टार्ट’ आणि ‘रीसेट’ यांत मोठा फरक आहे. राउटरच्या मागे असलेल्या बारीक छिद्रात टाचणी घालून दाबले, की राउटर रीसेट होतो. त्यात कंपनीने भरून दिलेले युजरनेम आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात. मग चालू लाइनही बंद पडते आणि तंत्रज्ञ येईपर्यंत थांबावे लागते.

फोनवर नेट आहे, कॉम्प्युटरवर नाही. असे का?

पहिला प्रश्न : कॉम्प्युटरला वायफाय आहे का? लॅपटॉपमध्ये ते असतेच. पण दुकानातून जोडून घेतलेल्या, म्हणजे ‘असेंबल’ केलेल्या डेस्कटॉपमध्ये अनेकदा नसते. स्वस्तातल्या बऱ्याच मदरबोर्डवर फक्त लॅन केबलची जागा असते. अशा कॉम्प्युटरवर वायफायचे चिन्हच दिसत नाही. हा बिघाड नव्हे. राउटरपासून लॅन केबल आणावी किंवा यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल घ्यावा. खरेदीपूर्वीच ‘यात वायफाय आहे का’ असे विचारले, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरा प्रश्न : ड्रायव्हर आहे का? वायफायचा भाग बसवलेला असला, तरी तो कसा वापरायचा हे विंडोजला सांगणारी छोटी प्रणाली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. नवीन बनावटीचा भाग असेल, तर विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडल्यावर एखाद्या नावावर उद्गारचिन्हासह पिवळा त्रिकोण दिसला, तर घोडे इथेच पेंड खाते आहे, असे समजावे. गंमत अशी, की ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट तर ड्रायव्हर नसल्यामुळे बंद! डोंगलसोबत ड्रायव्हरची सीडी मिळाली, तर नव्या कॉम्प्युटरला सीडी लावायची सोयच नसते.

तिसरा प्रश्न : वायफायच्या यादीत आपले नाव दिसते का? अनेक राउटर दोन नावांनी संकेत देतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. दुसऱ्याच्या नावापुढे बऱ्याचदा ‘५जी’ लिहिलेले असते. त्याचा मोबाइलच्या ‘फाइव्ह-जी’शी संबंध नाही. हा संकेत वेगवान असतो, पण जाड भिंतींतून लवकर क्षीण होतो. स्वस्त डोंगलना तर तो दिसतच नाही. म्हणून आधी २.४ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडून पाहावे. पासवर्ड टाकताना इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे वेगळी धरली जातात, हेही लक्षात ठेवावे. लॅपटॉपवर विमानाचे चिन्ह असलेली कळ चुकून दाबली गेली असेल, तर वायफाय बंद होते, तीही तपासावी.

विंडोजचा सेटअपच पुढे जात नसेल तर?

विंडोज ११ च्या ‘होम’ आवृत्तीत पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. तेथे वायफायची यादी रिकामी आली, तर ‘नेक्स्ट’ची कळ दबत नाही आणि नवा लॅपटॉप पहिल्याच पडद्यावर अडतो. लॅपटॉप बिघडला असे समजून दुकान गाठण्याआधी एक उपाय करून पाहावा.

अँड्रॉइड फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडावा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘हॉटस्पॉट’च्या भागात ‘यूएसबी टिथरिंग’ सुरू करावे. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, त्यामुळे बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरला इंटरनेट मिळते. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल, तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र फक्त चार्जिंगची नसावी, तीतून डेटाही जायला हवा. आयफोनची गोष्ट वेगळी आहे. त्याला विंडोजवर आधी ॲपलची प्रणाली लागते.

सेटअप पार पडला, की ‘विंडोज अपडेट’ चालवावे. राहिलेला वायफायचा ड्रायव्हर अनेकदा तेथूनच येतो. न आल्यास कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून घ्यावा. लॅपटॉपचा क्रमांक तळाच्या स्टिकरवर असतो. मोबाइल डेटा वापरायचा असेल, तर आधी ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करावे, नाहीतर अपडेट काही जीबी डेटा फस्त करतात.

कनेक्ट झाले, तरी पान उघडत नाही. मग?

इथे तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तारीख आणि वेळ. नव्या कॉम्प्युटरची तारीख चुकलेली असेल, तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. जोडणी खासगी नाही, असा इशारा येतो. दोन, आयपी पत्ता. सेटिंग्जमधील नेटवर्कच्या माहितीत तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ता दिलेलाच नाही. केबल काढून पुन्हा लावावी आणि राउटर रीस्टार्ट करावा. तीन, लॅन केबलची जागा. राउटरवर ‘वॅन’ आणि ‘लॅन’ अशा वेगळ्या जागा असतात. कॉम्प्युटरची केबल ‘लॅन’मध्येच हवी. केबल नीट बसली, की त्या जागेजवळचा छोटा दिवा लागतो.

जुन्या कॉम्प्युटरवर नेट चालत होते, मग नव्यावर का नाही?

हा अनुभव राउटर न वापरता केबल थेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्यांना येतो. प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला स्वतःचा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. काही केबल ऑपरेटर ग्राहकाच्या खात्याला हा क्रमांक बांधून ठेवतात, म्हणजे एक जोडणी अनेकांनी वापरू नये. कॉम्प्युटर बदलला, की क्रमांक बदलतो आणि ऑपरेटरची यंत्रणा नव्या पाहुण्याला दारातच अडवते. कॉम्प्युटर ठीक, लाइनही ठीक, तरी नेट बंद! यावर दुरुस्ती नको, एक फोन पुरे. नेटवर्कच्या माहितीत ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून दिसणारा क्रमांक ऑपरेटरला कळवावा आणि जुन्याच्या जागी नोंदवून घ्यावा. काही जोडण्यांना युजरनेम आणि पासवर्ड टाकून डायल करावे लागते. तेही नव्या कॉम्प्युटरवर नव्याने भरावे लागतात.

या भागाने हा प्रश्न पूर्वी पाहिला आहे का?

पाहिला आहे, तोही मोठ्या प्रमाणावर. वारणा नदीपलीकडे, वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. त्यात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणेच्या संस्था त्यात सहभागी होत्या. गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रे उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी सेवा असे बरेच काही त्यातून मिळावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात वीज आणि देखभाल यांच्या अडचणी आड आल्या. केंद्रांचा उपयोग मुख्यतः ऊसनोंद, वजन, तोडणी अशा कारखान्याच्या कामांपुरता राहिला.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसने दिली-घेतली. काम अडले नाही, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना ते सोयीचे वाटले. वारणेने तेव्हा दाखवून दिले, की कॉम्प्युटर नवा असून भागत नाही. त्याच्यामागची वीज, लाइन आणि देखभालही तितकीच भक्कम लागते. आज फायबर घरात आली आहे, तरी ही गोष्ट बदललेली नाही. आणि कॉम्प्युटर अडला, की मदतीला मोबाइलच येतो.

तक्रार कुठे करायची, सावध कुठे राहायचे?

दोष लाइनचा असेल, तर कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. नुसते लाइनमनला सांगणे म्हणजे तक्रार नव्हे. दाद मिळाली नाही, तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ड्रायव्हर टाकूनही वायफाय दिसत नसेल, तर बिघाड यंत्राचा असू शकतो. वॉरंटीत असलेला कॉम्प्युटर घरी खोलू नये; बिल घेऊन दुकान किंवा सेवा केंद्र गाठावे. तेथे टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

कस्टमर केअरचा क्रमांक गुगलवर शोधून लगेच फोन लावू नये. तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही असतात. तो बिलावरून, राउटरच्या स्टिकरवरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्यावा. ‘नेट सुरू करून देतो’ असे सांगून कोणी स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला लावले किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर कळवावे.

अर्जाची मुदत आजच संपत असेल, तर दुरुस्ती उद्यावर ढकलावी. फोनच्या टिथरिंगवर किंवा जवळच्या ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात अर्ज आधी भरावा. नेट सुरू झाले, की चार गोष्टी एका कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवाव्यात : ग्राहक क्रमांक, जोडणीचे युजरनेम, तक्रार केंद्राचा क्रमांक आणि कॉम्प्युटरचा मॉडेल क्रमांक. पुढच्या वेळी नेट गेले, की या चार ओळींनी निम्मे काम होते.