काउंटरमागची कादंबरीकार

'लिहायचंय यार, पण नोकरीतून वेळ कुठे मिळतो?' हा डायलॉग तुम्हीही कधीतरी मारला असेल. मग सायाका मुरातांना भेटाच!

मुरातांचा जन्म १९७९चा, जपानमधल्या चिबा प्रांतातला. कॉलेजात असताना त्यांनी 'कोन्बिनी'मध्ये पार्टटाइम काम धरलं. कोन्बिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं, चकचकीत दुकान. भाताच्या ओनिगिरीपासून वीजबिल भरण्यापर्यंत सगळी सोय तिथे. २००३ मध्ये 'गुंझो' मासिकाचा नवलेखक पुरस्कार मिळाला, २०१३ मध्ये मिशिमा पुरस्कार. तरी बाई काउंटरवर हजर! पहाटे उठून लिहायचं, मग दुकानात शिफ्ट, मग कॅफेत बसून पुन्हा लेखन. कामाच्या त्या ठेक्याची इतकी सवय झाली होती की, नुसतं दिवसभर लिहीत बसणंच त्यांना कठीण जायचं.

जुलै २०१६ मध्ये 'कोन्बिनी निंगेन', म्हणजे 'कोन्बिनी माणूस' या कादंबरीला अकुतागावा हा मानाचा पुरस्कार जाहीर झाला. त्या दिवशीही त्या सकाळी दुकानात काम करून आल्या होत्या. कोन्बिनीतली नोकरी त्यांनी नंतर सोडली.

कादंबरीची नायिका केइको. वय ३६, लग्न नाही, १८ वर्षं त्याच दुकानात पार्टटाइम. लहानपणापासून 'विचित्र' ठरलेल्या केइकोला दुकानाचं मॅन्युअल सापडतं आणि जगायचं कसं ते कळतं. स्वागत कसं करायचं, हसायचं किती, सगळं ठरलेलं. बोलण्याची ढब ती सहकाऱ्यांकडून उचलते. खुपतं ते बाकीच्यांना. 'अजून हेच काम? आणि लग्नाचं काय?' शेवटी लोकांची तोंडं बंद करायला ती एका आळशी, कुरकुऱ्या माणसाला घरात आणून ठेवते. आणि गंमत म्हणजे सगळे खूश!

इथे मी खदखदून हसले, मग जरा गप्प झाले. फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीला प्रत्येक लग्नात 'पण पर्मनंट कधी होणार गं?' हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या मावशीला माझं काम कसं चाललंय यात रस नसतो; मी कुठल्या खणात बसते, एवढंच हवं असतं. मुराता नेमकं तेच पकडतात. केइको दुकानात सुखी आहे, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

जपानमध्ये या पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. 'कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन' हा इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये आला. पुस्तक छोटंसं आहे, एका वीकएण्डला संपेल. सोमवारी ऑफिसात 'गुड मॉर्निंग' म्हणताना मात्र स्वतःचाच आवाज जरा नीट ऐका. तो तुमचाच आहे ना?