बिळाच्या तोंडाशी

वलगावच्या शिवारात हरभरा निघाला की धुऱ्यावरची बिळं उघडी पडतात. चारदोन पोरं, एक फावडं, मिरच्यांची धुरी आणि मागे लागलेलं एखादं गावठी कुत्रं, एवढ्यावर अर्धी दुपार निघते. 'छू' म्हटलं की कुत्रं बिळात नाक खुपसतं, पुढच्या पायांनी माती उडवतं, मधेच थांबून कान टवकारतं. आत उंदीर असेल, घूस असेल; खोकड किंवा घोरपडही असेल. कुत्र्याच्या ह्याच करामतीची पाश्चात्त्य देशांत रीतसर परीक्षा होते. तिला परीक्षक असतात, घड्याळ असतं, पास झालेल्या कुत्र्याच्या नावापुढे पदवीही लागते.

अमेरिकेत टेरियर जातीची कुत्री पाळणाऱ्यांच्या संघटनेनं 1971 पासून ह्या चाचण्या भरवल्या आणि 1994 मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं त्या 'अर्थडॉग' नावानं आपल्या नियमांत बसवल्या. जमिनीत चर खणून त्यात फळ्यांचा बोगदा बसवतात. रुंदी 9 इंच, उंची 9 इंच, लांबी 30 फूट, वाटेत तीन काटकोनी वळणं. तळाशी फळी नसते, उघडी मातीच. शेवटी लाकडी गज आणि त्यांच्या आड पिंजऱ्यात दोन उंदीर. कनिष्ठ पातळीवर तोंडापासून दहा फुटांवर कुत्रं सोडतात. त्यानं 30 सेकंदांत उंदरांपर्यंत पोचायचं आणि पुढची 60 सेकंदं 'काम' करायचं. भुंकणं, गुरगुरणं, उकरणं, गजांना चावणं, सगळं कामात धरतात. वास घेऊन माघारी फिरलं की नापास. वरच्या पातळीवर बोगद्याला खोटे फाटे असतात. उंदराला दात लागत नाही. भीती किती वाटते, ह्याला मात्र गुणपत्रिकेत रकाना नाही.

हे सगळं आलं इंग्लंडातल्या कोल्ह्याच्या शिकारीतून. घोडे आणि हाउंड कोल्ह्याला पळवत, कोल्हा बिळात शिरला की खेळ अडे. मग छोटा टेरियर आत सोडायचा. डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी 1819 मध्ये एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची कुत्री घेतली, तिच्यापासून जॅक रसेल टेरियरची परंपरा सांगतात. बॅजरवर कुत्री सोडायचा तमाशा तिथं 1835 मध्येच कायद्यानं बंद झाला. 2004 च्या शिकारबंदी कायद्यात मात्र एक पळवाट राहिली: बंदुकीच्या शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणाकरता, अटी पाळून, एक टेरियर जमिनीखाली सोडता येतो. थोडक्यात, पक्षी वाचवायचे ते पुढे गोळीनं मारण्यासाठी! जर्मनांनी ह्याच कामासाठी डॅशहुंड घडवला. आपल्याकडे तो आता फ्लॅटमध्ये सोफ्यावर चढतो आणि पाठीच्या मणक्यांनी आजारी पडतो. बिळासाठी आखूड केलेल्या पायांसोबत तो आजारही वारशानं आला आहे.

साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा हा शौक घेऊनच आला. छावण्यांतले तरुण अधिकारी मिळतील त्या जातींची कुत्री जमवून कोल्ह्यांमागे घोडे घालत; असल्या खिचडी टोळीला 'बॉबरी पॅक' म्हणत. तो खेळ ठरला. त्याच साहेबाच्या सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे पारध्यांवर बसला आणि 1952 मध्ये कायदा गेला तरी शिक्का पोलिसांच्या नजरेतून गेला नाही. वऱ्हाडातला फासेपारधी पोटासाठी फास लावी, तितराचा आवाज काढून तितर बोलावी. जनावराचा माग काढण्यात त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्यांच्या भिंतींवर मुंडकी टांगली गेली. मला ह्या विषयातली खरी गोष्ट हीच वाटते: शिकार कोण करतो, ह्यावर ती खेळ की गुन्हा हे ठरत आलं.

तेच कसब आज वेगळ्या कामी येतं, ही वऱ्हाडची जमेची बाजू. कारंज्याच्या कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेसोबत अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्याचे फासेपारधी गवताळ रानं राखतात. तिथं तणमोर येतो. ज्याला पकडता येतं त्याला मोजताही येतं, आणि तणमोराची अंडी कुठं असतील हेही आधी त्यालाच कळतं.

वलगावशी ह्या विषयाचा आणखी एक धागा आहे. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला तो इथंच, पेढी नदीजवळ, अमरावतीच्या वाटेवर. जत्रांतल्या पशुबळींविरुद्ध बाबा आयुष्यभर बोलले आणि मुक्या प्राण्यांना अभय हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक सूत्र. पोटाला हवं म्हणून मारणं आणि मजेसाठी जिवाला कोंडणं, ह्यांतला फरक वऱ्हाडी माणसाला परदेशी नियमावलीतून शिकायची गरज नाही.

आपला कायदाही तेच म्हणतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार निव्वळ करमणुकीसाठी एखादा जीव दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं किंवा त्याच्या अंगावर जनावर सोडणं गुन्हा आहे. कायद्याला उंदीरही प्राणीच, त्यामुळे पिंजऱ्यातल्या उंदरांची ती परीक्षा इथं भरवली तर अडचणीत येईल. बिळात घोरपड निघाली तर 1972 चा वन्यजीव कायदा लागतो. त्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच, आणि अनुसूची एकमधल्या प्राण्याला किमान तीन वर्षं कैद.

खेळ आणि कायदा ह्यांचा मेळ घालता येतो, हे शंकरपटानं, म्हणजे बैलांच्या शर्यतींनी, दाखवलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी घटनापीठानं तो बदल मान्य केला. तळेगाव दशासरच्या पटात धुरकऱ्यानं नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुत्र्यांसाठीही कृत्रिम भक्ष्य ठेवून बोगदा खणता येईल, अमेरिकी नियमांत ती सोय आहेच. पण मजेसाठी जिवंत प्राण्यावर कुत्रं सोडणाऱ्याला 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. संसदेनं आधी तो आकडा बदलावा, बोगद्याचं मग बघू.